टाइल्स इटालियन, गळती देशी!

घराचा मेकओव्हर होतो दीड महिन्यात. त्यानंतर खालच्या मजल्यावर पाणी ठिबकायला लागलं की खरा सिनेमा सुरू होतो... बिल नक्की कोणाच्या नावावर?

रविवारची सकाळ. पोह्यांवर नुकतं लिंबू पिळलेलं. बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू.

'अगं, जरा खाली येतेस का? घाबरू नकोस, पण ये.'

असं कोणी म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. खाली गेले. आमच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली त्यांचं बाथरूम. त्याच्या छतावर पिवळट तपकिरी डाग, अगदी नकाशाच्या आकाराचा. मधोमध एक थेंब धरलेला. खाली बादली, आणि बादलीत टर्किशचा जुना नॅपकिन. 'रात्री टप टप आवाज येतो ना, यांना झोप लागत नाही,' काकू म्हणाल्या. त्या जराही चिडलेल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

आमचं बाथरूम तीन महिन्यांपूर्वीच नवं झालं होतं. मुलुंड पूर्वेला तीसेक वर्षं जुनी बिल्डिंग, त्यात आई-बाबांचा टू बीएचके. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले एक लाख ऐंशी हजार त्या बाथरूममध्ये गेलेले. दोन बाय चारच्या टाइल्स, रेन शॉवर, काचेचं पार्टिशन. सगळे नातेवाईक आधी बाथरूम बघायचे, मग चहा प्यायचे.

कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, 'अंकल, नया काम है, थोडा सेट होने दो.' दुसऱ्या दिवशी, 'बारिश का पानी होगा.' तेव्हा फेब्रुवारी चालू होता! तिसऱ्या दिवशी, 'नीचेवालों का ही प्रॉब्लेम है.' चौथ्या दिवसापासून फोन नॉट रीचेबल.

हे मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकलं मात्र, रात्रभर मेसेज येत राहिले. अंधेरीच्या मैत्रिणीचं पीओपी सीलिंग सहा महिन्यांत तडकलं होतं. घाटकोपरच्या मित्राच्या मॉड्युलर किचनमधून भुसा पडायला लागला होता, कारण 'मरीन' म्हणून लावलेला प्लाय मरीन नव्हताच. बोरिवलीच्या एकाने एसी सुरू केला की सॉकेट गरम व्हायचं. एकजात सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: जाऊ दे यार, आता कोण भांडत बसणार?

आता याच वाक्याकडे जरा बघू या.

आधी काकूंचं छत

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात कडू मुद्दा हा. खालच्या घराचं नुकसान कोणी भरायचं? तुम्ही. म्हणजे ज्याच्या बाथरूममधून पाणी गळतंय, त्या फ्लॅटमालकाने. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये ही वाटणी स्पष्ट आहे. पावसाचं पाणी छतातून झिरपलं किंवा बाहेरची कॉमन पाइपलाइन गळली, तर ती दुरुस्ती सोसायटीची. पण फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाने स्वखर्चाने थांबवायची. काकूंनी तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला शोधत फिरायचं नसतं. त्यांचा संबंध तुमच्याशी. तुमचा संबंध कॉन्ट्रॅक्टरशी. ही साखळी डोक्यात पक्की बसली की अर्धी भांडणं कमी होतात, कारण मग आपण खालच्या मजल्यावर जाऊन 'आमची काही चूक नाही हो' असं म्हणत नाही.

आमच्या आईने ते म्हटलं होतं. पुढचे दोन आठवडे जिन्यात भेट झाली तरी दोघी एकमेकींकडे न बघता जायच्या. एकवीस वर्षांची ओळख!

टाइलच्या खाली काय आहे?

बाथरूमची फरशी म्हणजे नुसत्या टाइल्स नव्हेत. स्लॅब तिथे थोडा खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागात पाइप असतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला न्हाणी ट्रॅपकडे उतार, आणि सगळ्यात वर टाइल. पाणी अडवण्याचं काम टाइल करत नाही. तिच्या सांध्यांमधून थोडं थोडं पाणी खाली जातंच. ते अडवतो खालचा थर.

आता रिनोव्हेशनमध्ये काय होतं? जुनी लादी ब्रेकरने उडवतात. त्या दणक्यात जुना थर जागोजागी फुटतो. नवं वॉटरप्रूफिंग नीट करायचं तर सगळं खाली स्लॅबपर्यंत काढा, थर द्या, सुकू द्या, मग दारात बांध घालून पाणी कोंडून ठेवा. दोन-तीन दिवस. खालच्या घरात कोरडं राहिलं तरच टाइल बसवायची. यात जवळपास आठवडा जातो, आणि तेवढे दिवस कॉन्ट्रॅक्टरची माणसं बसून राहतात. म्हणून मग कोबा थोडा खरवडायचा, वर पावडर मिसळलेलं सिमेंट ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी टाइल ठोकायची. दिसायला फरक शून्य.

आमच्याकडे हेच झालं होतं. बाबांनी बोलावलेल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाऊण तासात सांगितलं. त्याने ट्रॅपच्या भोवतीचा जोड दाखवला. तिथे सीलंट नव्हतं, सिमेंटचा गोळा होता. त्याने तीन पानी रिपोर्ट दिला, फोटोंसकट. त्या रिपोर्टची फी आम्हाला तेव्हा फार वाटली. पुढच्या सगळ्या प्रकरणात तेवढाच एक खर्च वसूल झाला.

डायरीचं पान

इंजिनिअर म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट दाखवा. बाबांनी कपाटातून काढलं ते एका डायरीचं फाडलेलं पान. त्यावर लिहिलेलं: 'टाइल, प्लंबिंग, लेबर, टोटल'. खाली आकडा. सही नाही, तारीख नाही, वॉटरप्रूफिंगचा उल्लेख नाही. साठ हजार कॅश दिलेले, त्याची पावती नाही. बिल मागितलं होतं, पण 'जीएसटी लगेगा अंकल' म्हटल्यावर बाबांनी नको म्हटलं. मध्यमवर्गीय माणूस अठरा टक्के वाचवतो आणि लाखाला मुकतो, हे मी बाबांसमोर म्हणाले नाही. इथे म्हणते.

पण एवढं असूनही सगळं संपत नाही, ही यातली चांगली बातमी. कायद्याला करार लेखीच हवा असं नाही. तोंडी करारही करारच. फक्त तो सिद्ध करावा लागतो. बाकीचे एक लाख वीस हजार बाबांनी बँकेतून ट्रान्सफर केले होते. व्हॉट्सअॅपवर टाइल्सचे फोटो, 'कल काम चालू करेगा', 'आज ट्रॅप फिट किया' असे मेसेज होते. हा सगळा पुरावा. तो नुसत्या प्रिंटआउटने चालत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी कलम 63 आहे. त्यामुळे भांडण चालू असताना नवा फोन घ्यायची हौस आली तरी जुना फोन फॉरमॅट करू नका, प्लीज.

तुम्ही 'ग्राहक' आहात

आपल्याकडे ग्राहक कोर्ट म्हटलं की लोकांना कोल्ड्रिंकच्या बाटलीत सापडलेली माशी आठवते. घराचं काम तिथे जातं हे अनेकांच्या गावीही नसतं. 1993 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याच्या 'सेवा' या व्याख्येत घरबांधणी घातली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या गाजलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की घर बांधून देणं ही सेवा आहे आणि त्यातला दोष म्हणजे सेवेतली त्रुटी. जुना 1986 चा कायदा जाऊन 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 ला लागू झाला, त्यातही हे कायम आहे. कबूल केल्याप्रमाणे काम केलं नाही, किंवा कामाच्या दर्जात, पद्धतीत खोट असली, की ती त्रुटी. पैसे घेऊन तुमचं बाथरूम फोडणारा माणूस यातून सुटत नाही.

नव्या कायद्यात आपल्यासारख्या नोकरदारांच्या सोयीच्या दोन-तीन गोष्टी आहेत. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे करता येते, कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस कुठे आहे हे शोधत बसायला नको. (बहुतेकांचं ऑफिस म्हणजे बाइकची डिकी असते, तो भाग वेगळा.) अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या सगळ्यांसाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइन टाकता येते, 2025 पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे.

मुदत मात्र दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'अगले महिने पक्का करता हूँ' हे ऐकत ऐकत दोन वर्षं कशी निघून जातात, ते ज्याचं त्याला कळतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं. आणि निकाल? कायद्यात साधारण तीन महिन्यांची मुदत लिहिली आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे कोणी माझ्या नावाने खडे फोडायला नको. म्हणूनच बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, आणि तशी मिटलेलीच बरी.

पोलिसांत जावं का? आम्हीही गेलो होतो. 'सिव्हिल मॅटर आहे, साहेब,' असं ऐकून चहा पिऊन परत आलो. वाईट काम आणि फसवणूक यात कायदा फरक करतो. अॅडव्हान्स घेऊन कामच सुरू न करता पळणारा वेगळा, आणि काम वाईट करणारा वेगळा.

नक्की पकडायचं कोणाला?

इथे खरी गंमत आहे. रिनोव्हेशनमध्ये माणसं खूप असतात. डिझायनर, कॉन्ट्रॅक्टर, त्याच्या हाताखालचा प्लंबर, तुमच्या आत्याने सुचवलेला इलेक्ट्रिशियन. गळती झाली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. प्लंबर म्हणतो टाइलवाल्याने जोड हलवला, टाइलवाला म्हणतो ट्रॅपच खराब होता.

ज्याच्याशी तुमचा व्यवहार झाला आणि ज्याला पैसे दिले, तो तुमच्यापुढे जबाबदार. त्याने पुढे कोणाला काम दिलं हा त्याचा प्रश्न. म्हणूनच 'लेबर जॉब' आणि 'विथ मटेरियल' यातला फरक पैशांपुरता नसतो. मटेरियलसकट काम दिलंत तर प्लाय खराब निघाला काय आणि बसवला वाईट काय, एकच मान पकडायची. मटेरियल तुम्ही आणलंत तर कॉन्ट्रॅक्टरचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'माल तो आपका था.' लोहार चाळीतून स्वतः घासाघीस करून वायर आणण्यात थ्रिल आहे, मान्य. पण मग त्या वायरचं बिल जपून ठेवा, आणि बसवण्याआधी कॉन्ट्रॅक्टरकडून 'माल ठीक आहे' असा मेसेज घ्या.

प्लायचं तेवढं लक्षात ठेवा. मरीन प्लायवर आयएस 710 चा शिक्का असतो, साध्या प्लायवर आयएस 303. कोटेशनमध्ये नुसतं 'गुड क्वालिटी वॉटरप्रूफ प्लाय' लिहिलं असेल तर उद्या कोणीच काही सिद्ध करू शकत नाही. आकडा लिहिला असेल तर पाच मिनिटांत निकाल.

इंटिरिअरच्या मोठ्या कंपन्यांकडून टर्न-की काम करून घेणाऱ्यांचा वेगळाच घोळ. ब्रोशरवर ठळक अक्षरात वर्षानुवर्षांची वॉरंटी, आणि आत बारीक अक्षरात ती फक्त कपाटांना, सिव्हिल कामाला वेगळी आणि तोकडी. गळतं नेहमी सिव्हिल काम.

नव्या टॉवरमध्ये घर घेतलेल्यांनी तर आधी हातोडा खाली ठेवा. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण चावी हातात आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बाथरूमच्या टाइल्स उखडल्यात, की बिल्डरला आयतं कोलीत मिळतं: वॉटरप्रूफिंग आमचं नव्हे, तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने फोडलं. आणि तुमचा कॉन्ट्रॅक्टर? तो रेराच्या कक्षेतच येत नाही. म्हणजे फुकटातली पाच वर्षांची हमी देऊन आपण डायरीचं पान घेतो.

'ये दीवार निकाल देंगे'

इथपर्यंतचं सगळं पैशांचं. आता जे सांगणार आहे ते पैशांचं नाही.

18 जुलै 2007. बोरिवली पश्चिमेची लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत कोसळली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. तळमजल्यावरच्या दागिन्यांच्या दुकानात नूतनीकरण चालू होतं, आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. दहा वर्षांनी, 25 जुलै 2017 ला सकाळी, घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कजवळची चार मजली सिद्धीसाई इमारत बसली. सतरा माणसं गेली. तिथेही तळमजल्यावर काम चालू होतं, एका नर्सिंग होमचं. खांब-तुळयांना धक्का लावल्याचं रहिवासी सांगत होते. नर्सिंग होमच्या मालकाला अटक झाली, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. अटक झालेल्यांत कामाशी संबंधित माणसंही होती.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे खांब तोडतोय? आम्हाला फक्त हॉल मोठा हवाय. बरोबर. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत मधली पातळ भिंत बहुतेक वेळा नुसतं पार्टिशन असते. पण जुन्या लोड बेअरिंग इमारतीत तीच भिंत वरचे मजले उचलून धरते. बाहेरून बघून हा फरक ना तुम्हाला कळतो, ना त्या मिस्त्रीला. शिवाय एसीच्या पाइपसाठी बीममध्ये पाडलेलं भोक, वायरिंगसाठी खांबात मारलेली खोल झिरी, जुन्या लादीवरच नवी जाड लादी चढवून वाढवलेलं वजन, हे सगळं मोजायला त्या दिवशी साइटवर कोणी नसतं.

मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 342 मध्ये परवानगीशिवाय काय चालतं याची यादीच आहे. प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, बाथरूम-टॉयलेटची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, इलेक्ट्रिक फिटिंग. त्यापलीकडे रचना बदलायची असेल तर पालिकेकडे जायलाच हवं, आणि सोसायटीची लेखी परवानगी वेगळी. 'सब करते हैं, बीएमसी में अपना आदमी है' हे वाक्य कॉन्ट्रॅक्टरने उच्चारलं की ती मीटिंग तिथेच संपवा. कारण भिंत पाडायचा आदेश तुमचा होता, हे विसरायला तो एक मिनिटही घेणार नाही. पालिकेची नोटीस फ्लॅटच्या मालकाच्या नावाने निघते. आणि इमारतीला काही झालं, तर 'मला वाटलं त्याला कळत असेल' हा बचाव होत नाही. ना त्याचा, ना तुमचा.

सेक्रेटरी काकांनी एनओसीसाठी तीन चकरा मारायला लावल्या म्हणून आपण त्यांना व्हिलन ठरवतो. सिद्धीसाईनंतर मी तरी त्यांच्यावर विनोद करणं बंद केलं.

मग आम्ही काय केलं?

आधी फोडलं नाही. ही एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. नवीन माणूस आणून लगेच दुरुस्ती केली असती तर जुना दोष दाखवायला काही उरलंच नसतं. इंजिनिअरचा रिपोर्ट घेतला. दोन्ही मजल्यांचे फोटो आणि व्हिडिओ काढले. बाथरूमचा वापर बंद केला, आणि दोन महिने चौघांनी एक टॉयलेट वापरलं. त्यावर वेगळा लेख होईल.

मग विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत गेले. 1975 पासून ही संस्था हेच काम करते आहे, आणि तिथली कार्यकर्ती मंडळी 'काय झालं?' याऐवजी 'कागद आणलेत का?' असं विचारतात. (घरबसल्या विचारायचं असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.) तिथे बोलून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. त्यात शिव्या नव्हत्या. काम काय ठरलं, पैसे किती आणि कसे दिले, दोष काय, रिपोर्ट काय म्हणतो, पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या नाहीतर आयोगात तक्रार, आणि खालच्या छताचा खर्चही तुमच्याकडून मागू. बस.

अकराव्या दिवशी नॉट रीचेबल माणूस स्वतः दारात. 'अंकल, कोर्ट-कचेरी क्यूँ? घर की बात है.' बाबा त्याला चहा द्यायला निघाले होते, मी थांबवलं. आधी सही, मग चहा. या वेळी कागद डायरीचा नव्हता. स्लॅबपर्यंत खोदाई, वॉटरप्रूफिंग कुठल्या प्रॉडक्टचं आणि किती कोट, ट्रॅप नवा, तीन दिवस पाणी कोंडून चाचणी, काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग, आणि वर्षभरात पुन्हा गळलं तर फुकट दुरुस्ती. लेबर त्याचं, वॉटरप्रूफिंगचं मटेरियल त्याचं. टाइल्सचा खर्च निम्मा निम्मा, कारण त्या फोडताना वाचणार नव्हत्या. आयोगात गेलो असतो तर कदाचित पूर्ण मिळाला असता. बाबांना मिटवायचं होतं. पैसे त्यांचे होते, मी गप्प बसले.

पहिल्या कामातले शेवटचे वीस हजार त्याने फिनिशिंग दाखवून नेले होते. या वेळी एक रुपयाही आधी मिळणार नव्हता, आणि काम बघण्यासारखं वेगाने झालं. नव्याने काम काढणाऱ्यांनो, पाच-दहा टक्के रक्कम निदान एक पावसाळा हातात ठेवायची, आणि ते आधी लिहून घ्यायचं. हजार नोटिशींचं काम ते वीस हजार करतात.

टाइल लावायच्या आधी बाथरूममध्ये पाणी भरलं. दारात विटांचा बांध, आत घोट्याएवढं पाणी, त्यात आमच्या नव्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. खाली काकूंनी त्या नकाशाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवली, डाग पुढे सरकला तर कळावं म्हणून. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या मोबाइलवर काकूंचा फोन. आई आधी दोन रिंग नुसती बघत राहिली, मग उचलला.

'अहो वहिनी,' पलीकडून आवाज आला, 'रेघ आहे तिथेच आहे. सोडा आता ते पाणी. आणि तुमच्याकडे चहापत्ती आहे का हो जरा?'